दादासाहेब गायकवाड

भाऊराव कृष्णाजी गायकवाड ऊर्फ दादासाहेब गायकवाड (१५ ऑक्टोबर, १९०२ – २९ डिसेंबर, १९७१) हे नाशिक जिल्ह्यातील आंबेडकरी चळवळीचे नेते, मुंबई विधानसभेचे सदस्य, लोकसभा व राज्यसभेचे खासदार आणि भारतीय रिपब्लिकन पक्षाचे एक प्रमुख पुढारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ते अत्यंत विश्वासू सहकारी मानले जातात. १९३० ते १९३५ या काळात चाललेल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची प्रत्यक्ष धुरा त्यांनी वाहिली. पुढे १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहांचे त्यांनी नेतृत्व केले. १९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला. जनमानसात ते ‘कर्मवीर’ या उपाधीने ओळखले जातात.

गायकवाडांच्या सार्वजनिक जीवनाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिल्या भागात प्रश्न मंदिराच्या दाराचा होता, तर दुसऱ्या भागात जमिनीच्या तुकड्याचा. पहिल्या लढ्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. दुसरा लढा माणसांच्या संख्येने पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा असूनही पाठ्यपुस्तकांत त्याला फारशी जागा मिळालेली नाही. त्यांच्याविषयीचे बहुतेक वादही याच दुसऱ्या काळातील आहेत.

प्रारंभिक जीवन

गायकवाड यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी एका महार कुटुंबात झाला. तत्कालीन मुंबई इलाख्यातील खेड्यांत महार समाज वतनाच्या व्यवस्थेला बांधलेला होता. गावची सीमा राखणे, निरोप पोहोचवणे, सरकारी कामदारांची सरबराई करणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे पिढ्यान् पिढ्या करावी लागत. त्याच्या मोबदल्यात बलुते आणि वतनाच्या जमिनीतला वाटा मिळे. ही जमीन साऱ्या भावकीची सामाईक असल्याने पिढीगणिक तिचे तुकडे पडत आणि कामाचा बोजा मात्र तसाच राही. १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्याने या बांधिलकीला सरकारी मोहर लागली होती. गायकवाड ज्या जमीनप्रश्नावर पुढे दोनदा रस्त्यावर उतरले, त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे.

दुसरी पार्श्वभूमी स्थानिक स्वराज्य संस्थांची. सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायालये व कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपल्या हद्दीतील चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. बहुतेक ठिकाणी मात्र असे ठराव कागदावरच राहिले. म्हणून १९२६ मध्ये बोले यांनी, जी नगरपालिका वा लोकल बोर्डे अंमलबजावणी करणार नाहीत त्यांची अनुदाने रोखावीत, असा पुढचा ठराव आणला. ठराव आणि व्यवहार यांतील ही दरी १९२७ च्या महाड सत्याग्रहाने उघड झाली. याच सुमारास तरुण गायकवाड डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत ओढले गेले. मंदिरे मुळातच या ठरावाच्या कक्षेबाहेर होती. तेथे नगरपालिकेकडे दाद मागण्याची सोय नव्हती आणि सरकारही धर्मात हस्तक्षेप नको म्हणून अंग काढून घेई.

काळाराम मंदिर सत्याग्रह

नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधले. उंच तटाच्या आत काळ्या पाषाणातले हे देवालय आहे आणि त्याला चार दिशांना चार दरवाजे आहेत. रामाच्या वनवासाशी जोडलेले हे क्षेत्र असल्याने रामनवमीच्या काळात येथे मोठी यात्रा भरते आणि रथ निघतो. अस्पृश्य मानलेल्या भाविकांना मात्र तटाच्या आत पाऊल ठेवता येत नसे. अमरावतीचे अंबादेवी मंदिर आणि पुण्याची पर्वती येथे यापूर्वी प्रवेशाचे प्रयत्न झाले होते. नाशिकचा लढा त्यांच्यापेक्षा दीर्घ आणि अधिक संघटित ठरला.

१९२९ च्या अखेरीस नाशिकमध्ये सत्याग्रह समिती स्थापन झाली आणि गायकवाड तिचे चिटणीस झाले. मंदिर ठराविक मुदतीत खुले करावे, अन्यथा सत्याग्रह केला जाईल, अशी सूचना समितीने मंदिराच्या विश्वस्तांना दिली. मुदतीत काही घडले नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली नाशिकमध्ये परिषद भरली आणि दुपारी सुमारे १५,००० लोकांची मिरवणूक मंदिराकडे निघाली. तिची लांबी जवळपास मैलभर होती आणि तिच्यात स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. चारही दरवाजे बंद असल्याने मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी, ३ मार्च रोजी, १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी चार दरवाजांसमोर बसली. गांधीजींची दांडीयात्रा यानंतर नऊ दिवसांनी, १२ मार्चला, साबरमतीहून निघाली. देशभरातील वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे लागले, त्यामुळे नाशिककडे बाहेरच्यांचे लक्ष कमी गेले. एकाच महिन्यात दोन सत्याग्रह सुरू होते: एक परकीय सत्तेच्या मिठावरील कराविरुद्ध, दुसरा स्वकीयांनी बंद केलेल्या दाराविरुद्ध.

मंदिर सुमारे महिनाभर बंद राहिले. दरवाजांसमोर पोलीस आणि दंडाधिकारी तैनात होते. पोलीस अधीक्षक रेनॉल्ड्स यांनी तर आपली कचेरीच मंदिरासमोरील तंबूत हलवली. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या अध्यक्षतेखाली शहरातील नागरिकांची समझोत्यासाठी सभा झाली, पण ती दगडफेकीत उधळली गेली. ९ एप्रिलला रथाचा दिवस होता. रथ स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढावा, अशी तडजोड ठरली. ऐन वेळी रथ सत्याग्रहींच्या हाती लागू न देता अरुंद गल्लीतून पळवण्यात आला. पोलिसांचे कडे तोडून भास्कर कद्रेकर हा तरुण रथापर्यंत पोहोचला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. दगडांचा वर्षाव झाला व डॉ. आंबेडकरांनाही इजा झाली.

त्या दिवसाचे वर्णन बहुतेक चरित्रांत येते, पण गायकवाडांचे खरे काम त्यानंतर सुरू झाले. डॉ. आंबेडकर मुंबईत आणि पुढे गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. सत्याग्रह नाशिकमध्ये चालू ठेवणे ही स्थानिक कार्यकर्त्यांची जबाबदारी होती. अमृतराव रणखांबे, पां. ना. राजभोज, पतितपावनदास यांच्यासारखे सहकारी सोबत होते. तथापि माणसे जमवणे, त्यांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था लावणे, कलेक्टर व पोलीस यांच्याशी पत्रव्यवहार करणे आणि बाबासाहेबांना वेळोवेळी कळवत राहणे हा भार मुख्यतः चिटणिसावर पडला. डॉ. आंबेडकरांनी गायकवाडांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली असून चळवळीच्या इतिहासाचे ते एक महत्त्वाचे साधन आहे. सल्ला, आदेश, रागावणे, पैशांची विवंचना आणि पक्षातल्या कुरबुरी हे सारे त्यांत आहे. नेता आणि अनुयायी यांच्यातील औपचारिकता या पत्रव्यवहारात फारशी आढळत नाही.

सत्याग्रहाची झळ शहरापेक्षा खेड्यांना अधिक बसली. नाशिकच्या आसपासच्या गावांत अस्पृश्यांची मुले शाळेतून काढण्यात आली, रस्ते बंद झाले, दुकानदारांनी माल देणे थांबवले. ज्या माणसाची रोजची भाकर गावाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने मंदिरासमोर बसण्याची किंमत काय मोजायची, हा प्रश्न गायकवाडांसमोर रोज उभा राहत होता. त्यांच्या राजकारणाचा पुढचा कल समजून घेताना हा अनुभव विसरता येत नाही.

१९३१ नंतरही रामनवमीच्या आसपास सत्याग्रह पुन्हा पुन्हा होत राहिला. १९३२ च्या पुणे करारानंतर काँग्रेसने मंदिरप्रवेशाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा डॉ. आंबेडकरांचे मत मात्र त्या मार्गापासून दूर जाऊ लागले होते. १९३४ च्या रामनवमीला सत्याग्रह करावा की नाही, अशी विचारणा गायकवाडांनी केली. ३ मार्च १९३४ च्या पत्रात डॉ. आंबेडकरांनी तो थांबवण्याचा सल्ला दिला. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे हा या लढ्याचा हेतू कधीच नव्हता आणि समाजात जागृती करण्याचे काम त्याने केले आहे, आता शक्ती शिक्षण व राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय होता. चार वर्षे ज्या दारासमोर माणसे बसवली त्यांना ते दार न उघडताच परत जाण्यास सांगण्याचे काम अर्थातच नाशिकच्या चिटणिसाकडे आले.

औपचारिक समाप्ती नाशिक जिल्ह्यातच, येवले येथे झाली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तेथे भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि पाच वर्षांहून अधिक काळ चाललेला काळाराम सत्याग्रह संपुष्टात आणण्यात आला. मंदिरे कायद्याने खुली होण्यास स्वातंत्र्य उजाडावे लागले. मुंबई प्रांताचा हरिजन मंदिरप्रवेश कायदा १९४७ मध्ये झाला. तोवर सत्याग्रह करणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या देवळात जाण्याची इच्छा उरली नव्हती.

मुंबई विधानसभेत

१९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत पक्षाचे १७ पैकी १४ उमेदवार निवडून आले. त्यांत नाशिकचे गायकवाड होते. ते १९४६ पर्यंत मुंबई विधानसभेचे सदस्य राहिले.

या पक्षाचा कार्यक्रम एका जातीपुरता नव्हता. कोकणातील खोती रद्द करण्याचे विधेयक, जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत काढलेला शेतकऱ्यांचा मोर्चा आणि औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेला गिरणी कामगारांचा संप या साऱ्यांत कम्युनिस्टांसह इतर डाव्या गटांशी सहकार्य झाले. पुढे गायकवाडांवर कम्युनिस्टांशी जवळीक केल्याचा आरोप झाला, तेव्हा त्यांच्या समर्थकांनी या काळाकडे बोट दाखवले.

वतनाचा प्रश्नही याच काळात पेटला. सरकारने वतनी जमिनींवरील जुडी वाढवल्यानंतर १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे महार वतनदारांची परिषद झाली. वतन टिकवावे, त्याचा मोबदला वाढवून घ्यावा की ते मोडून जमीन मोकळी करून घ्यावी, यावर समाजात मतभेद होते. आंबेडकरी चळवळ मोडण्याच्या बाजूने होती. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. १९४२ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने घेतली. १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा मोठा पराभव झाला आणि गायकवाडांची विधानसभेतील कारकीर्द संपली.

आंबेडकरांनंतर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. गायकवाडांनीही बौद्ध धम्म स्वीकारला. लाखो लोकांनी धर्म बदलला होता, नेता हयात नव्हता आणि सार्वत्रिक निवडणूक अवघ्या काही महिन्यांवर आली होती.

फेडरेशनने १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत लढवली. मुंबईसह मराठी राज्य मिळावे या मागणीसाठी समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन एकत्र आले होते. पश्चिम महाराष्ट्रात समितीला मोठे यश मिळाले. गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. हा विजय राखीव नव्हे तर सर्वसाधारण मतदारसंघातील होता, हे येथे नमूद केले पाहिजे. ज्या शहरात सत्तावीस वर्षांपूर्वी या माणसाला देवळाच्या तटाच्या आत येऊ दिले गेले नव्हते, त्या शहराने व जिल्ह्याने त्यांना दिल्लीला पाठवले. स्वबळावर फेडरेशनला असा विजय मिळणे कठीण होते. आघाडीचे हे गणित गायकवाड पुढे कधीच विसरले नाहीत आणि त्यांच्या टीकाकारांनीही त्यावरून त्यांना कधीच सोडले नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांच्या संकल्पनेतील भारतीय रिपब्लिकन पक्ष अस्तित्वात आला. एन. शिवराज त्याचे पहिले अध्यक्ष झाले. महाराष्ट्रातील पक्षाचे सर्वांत मोठे जनाधार असलेले नेते गायकवाड होते.

१९६२ मध्ये नाशिकची लोकसभेची जागा काँग्रेसकडे गेली. त्याच वर्षी गायकवाड राज्यसभेवर गेले आणि १९६८ पर्यंत तेथे राहिले. नाशिकच्या जागेवर १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. चीनच्या आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. गायकवाड आणि चव्हाण यांच्या राजकीय संबंधांना पुढे जे महत्त्व आले, त्याची ही एक पार्श्वभूमी मानता येईल.

भूमिहीनांचा सत्याग्रह

मुंबई राज्यातील १९४८ च्या कूळ कायद्याने आणि त्यातील दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ने कसेल त्याची जमीन हे तत्त्व मान्य झाले. पण कूळ म्हणून ज्याचे नाव सातबाऱ्यावर होते, त्यालाच त्याचा लाभ मिळणार होता. खेड्यातला दलित शेतमजूर बहुधा कूळ नव्हता. तो दुसऱ्याच्या बांधावर रोजाने राबत होता. त्यामुळे जमीन सुधारणेचा हा मोठा कायदा त्याच्या डोक्यावरून निघून गेला. दुसरीकडे वतने रद्द होत होती आणि धर्मांतरानंतर गावकीची कामे सोडणाऱ्यांना बलुतेही मिळेनासे झाले होते. अनेक गावांत नवबौद्ध कुटुंबे काही वतनी जमिनी वगळता पोटापाण्याच्या कोणत्याही साधनाशिवाय उरली.

सरकारच्या ताब्यातील पडीक जमिनी, गायराने आणि वनखात्याच्या लागवडयोग्य जमिनी भूमिहीनांना द्याव्यात, ही मागणी डॉ. आंबेडकरांच्या हयातीतच पुढे आली होती. मराठवाड्यात १९५३ मध्ये या प्रश्नावर सत्याग्रह झाला होता. १९५९ मध्ये गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेश, मराठवाडा आणि लगतच्या जिल्ह्यांत तो अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. पद्धत साधी होती. लोकांनी पडीक जमिनीवर जाऊन नांगर धरायचा आणि अटक करून घ्यायची. मागणी जात पाहून केलेली नव्हती. भूमिहीन कोणत्याही जातीचा असो, त्याला जमीन मिळावी असे गायकवाडांचे म्हणणे होते. त्यामुळे आदिवासी आणि इतर जातींचे मजूरही त्यात आले. काही जिल्ह्यांत सरकारने जमिनींचे वाटप केले, पण ते मागणीच्या मानाने थोडे होते.

१९६१ मध्ये महाराष्ट्रात शेतजमीन कमाल धारणा कायदा आला, पण प्रत्यक्ष वाटपाची गती मंदच राहिली. मग रिपब्लिकन पक्षाने प्रश्न देशपातळीवर नेला. ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली. पडीक जमिनींचे वाटप, शेतमजुरांना किमान वेतन, अस्पृश्यताविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती आणि संसदेत डॉ. आंबेडकरांचे तैलचित्र या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. डॉ. आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबर १९६४ रोजी, सत्याग्रह सुरू झाला आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. महाराष्ट्राबरोबर उत्तर प्रदेश, पंजाब आणि इतर राज्यांतूनही कार्यकर्ते तुरुंगात गेले. चळवळीच्या नोंदींनुसार अटक झालेल्यांची संख्या तीन लाखांहून अधिक होती. त्यात स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. कडेवर मूल घेऊन अटक करून घेणाऱ्या बायांच्या आठवणी आजही खानदेश-मराठवाड्यात सांगितल्या जातात.

सरकारने बहुतेक मागण्या तत्त्वतः मान्य केल्यावर सत्याग्रह मागे घेण्यात आला. संसदेच्या आवारात डॉ. आंबेडकरांचा पुतळा १९६७ मध्ये उभा राहिला. बौद्धांना केंद्र सरकारच्या सवलती मिळण्यास मात्र १९९० साल उजाडले. जमिनीच्या बाबतीत ‘तत्त्वतः’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक तालुक्याच्या महसूल कचेरीत वेगळा लागला.

वाद आणि टीका

गायकवाडांवरील टीका मुख्यतः विरोधकांकडून नव्हे तर स्वपक्षीयांकडून झाली. पक्षस्थापनेनंतर दोन वर्षांच्या आतच पहिली फूट पडली. कोपरगावचे खासदार बी. सी. कांबळे यांच्या गटाचे म्हणणे असे की, गायकवाड कम्युनिस्टांच्या नादी लागले आहेत, आर्थिक प्रश्नांच्या भरात अस्पृश्यतेचा मूळ प्रश्न मागे पडत आहे आणि डॉ. आंबेडकरांनी घालून दिलेला संसदीय, घटनात्मक मार्ग सोडला जात आहे. कांबळे यांच्या गटाने स्वतःला ‘दुरुस्त’ म्हणवून घेतले. साहजिकच गायकवाडांच्या गटाला ‘नादुरुस्त’ हे नाव चिकटले. टोपणनाव विनोदी असले तरी त्यामागील दरी खरी होती. एका बाजूला शहरात शिकलेले वकील व पदवीधर होते, तर दुसऱ्या बाजूला खेड्यातून आलेले, धोतर नेसणारे जुने कार्यकर्ते. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या नव्या पिढीला गायकवाडांचे नेतृत्व जुन्या वळणाचे वाटे. खेड्यातल्या भूमिहीनाला मात्र तेच आपल्यातले वाटत.

या वादात दोन्ही बाजूंनी डॉ. आंबेडकरांचाच आधार घेतला. घटनात्मक मार्गाचा आग्रह धरणारे आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या काळात शेतकरी-कामगारांचे मोर्चे काढणारे आंबेडकर हे दोन्ही खरे होते. गायकवाडांचा सत्याग्रह अहिंसक होता आणि अटक स्वीकारणारा होता. त्यामुळे तो घटनाविरोधी होता हा आक्षेप टिकणे कठीण आहे. पक्षाच्या बांधणीकडे आणि नव्या शिक्षित कार्यकर्त्यांना सामावून घेण्याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले, या आक्षेपात मात्र अधिक तथ्य आहे.

दुसरा आणि अधिक तीव्र वाद काँग्रेसशी केलेल्या समझोत्याचा. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या होत्या. रस्ते, शाळा, विहिरी, शिक्षकांच्या नेमणुका, विकासाच्या योजना असे खेड्यातल्या रोजच्या जगण्याचे बहुतेक निर्णय आता तेथे होऊ लागले. या संस्थांवर काँग्रेसची आणि प्रामुख्याने सधन शेतकरी वर्गाची पकड होती. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर गायकवाडांनी यशवंतराव चव्हाण यांच्याशी बोलणी करून जिल्हा परिषद निवडणुकांसाठी काँग्रेसशी सहकार्याचा करार केला. विरोधात राहून खेड्यातल्या दलितांच्या वाट्याला सत्तेचा एकही कोपरा येत नाही, हे त्यामागील कारण होते.

टीकाकारांना हा करार शरणागतीसारखा वाटला. डॉ. आंबेडकरांनी आयुष्यभर ज्या काँग्रेसशी झुंज दिली, तिच्याशीच हातमिळवणी झाली, असे ते म्हणत. याआधी रा. धों. भंडारे यांच्यासारखे नेते थेट काँग्रेसमध्ये गेले होते. गायकवाडांनी पक्ष सोडला नाही, पण त्यांच्या करारामुळे पक्षाचे स्वतंत्र अस्तित्वच धूसर झाले, असा आक्षेप राहिला. काही जागा आणि पदे मिळाली. रा. सू. गवई हे १९६८ मध्ये विधान परिषदेचे उपसभापती झाले. मात्र खालच्या पातळीवर, जेथे करार केला होता त्या जिल्हा परिषदांत, सत्तेचा वाटा फारसा बदलला नाही. १९६८ च्या पद्मश्रीकडेही काहींनी याच संशयाने पाहिले. हा संशय मात्र अन्यायकारक होता. किताब मिळण्याच्या तीनच वर्षे आधी सत्याग्रहींच्या पलटणी तुरुंगात धाडणारा नेता तोच होता.

निधन आणि त्यानंतर

२९ डिसेंबर १९७१ रोजी गायकवाडांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात रिपब्लिकन पक्षाचे तुकडे होत गेले. फुटीची मालिका पुढे अनेक दशके चालली. निधनाला वर्ष पूर्ण होण्यापूर्वी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. खेड्यांतील अत्याचार आणि रिपब्लिकन नेत्यांच्या तडजोडी या दोहोंविरुद्धचा तो उद्रेक होता. तरीही पँथरच्या जाहीरनाम्यात जमिनीचा प्रश्न आलाच, आणि त्या प्रश्नावर आंबेडकरोत्तर काळात सर्वांत मोठा लढा गायकवाडांच्याच नावावर जमा होता.

नाशिक शहरात त्यांच्या नावाचे सभागृह आहे. महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये ‘कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना’ सुरू केली. तिच्यानुसार अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन शेतमजूर कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. सुरुवातीला यातील निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज अशी होती. पुढे ती पूर्णतः अनुदानावर देण्याचा निर्णय झाला. गायकवाडांनी सरकारच्या ताब्यातील पडीक जमीन मागितली होती. या योजनेत मात्र सरकार खाजगी मालकांकडून जमीन विकत घेऊन ती लाभार्थ्यांना देते. ठरवून दिलेल्या दराने जमीन विकायला मालक पुढे येत नाहीत, ही अडचण जिल्ह्याजिल्ह्यांत जाणवत राहिली आहे.